शेवटचा शब्द कुणाचा?

ज्युरी म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना नानावटी खटला आठवतो. नौदलातला रुबाबदार अधिकारी, त्याची इंग्रज पत्नी, तिचा प्रियकर, २७ एप्रिल १९५९ ला मुंबईत झाडलेल्या तीन गोळ्या आणि मग आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हणणारी ज्युरी. या प्रकरणावरून सिनेमे निघाले. अजूनही एखाद्या लग्नाच्या पंगतीत विषय निघाला, तर कुणीतरी ठासून सांगतोच, ‘नानावटीमुळं आपल्याकडची ज्युरी बंद झाली.’

हे खरं नाही. ज्युरी बंद करावी अशी शिफारस विधी आयोगानं आपल्या चौदाव्या अहवालात १९५८ सालीच केली होती. तेव्हा नानावटींचं पिस्तूल जहाजावरच्या शस्त्रागारातच होतं. निकालानं त्या शिफारशीला बळ मिळालं असेल, एवढंच.

पण नानावटी खटल्यामुळं आपली एक समजूत पक्की झाली. ज्युरीला भुलवतो तो आरोपीचा वकील, आणि सरकारी वकील बिचारा पुरावे घेऊन उभा असतो, अशी. त्या खटल्यात तसं घडलंही. वातावरण आरोपीच्या बाजूचं होतं, ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानं ते तापवलं होतं. सत्र न्यायाधीश मेहता यांनी ज्युरीचा निर्णय न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडं पाठवलं, तिथं जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. म्हणजे ज्युरी भुलली, तरी चूक दुरुस्त झाली.

आज मला बोलायचं आहे ते उलट प्रकाराबद्दल. सरकारी वकीलच ज्युरीला भुलवू लागला तर?

आरोपीचा वकील गळा काढून बोलू लागला की ऐकणारा मनात म्हणतो, ‘पैसे घेतलेत, बोलणारच.’ सरकारी वकिलाबद्दल असं कुणी म्हणत नाही. त्याच्यामागं सरकार असतं, पोलीस असतात, मेलेल्या माणसाचं दुःख असतं. आणि बाकावर बसलेल्या साध्या माणसाला आणखी एक गोष्ट वाटत असते : याला आतलं काहीतरी माहीत असणार, आपल्याला दाखवलं त्यापेक्षा यानं जास्त पाहिलं असणार. त्यामुळं ‘माझी स्वतःची खात्री आहे की हाच खुनी’ एवढं एक वाक्य सरकारी वकील बोलला, तरी ते दहा साक्षीदारांच्या बरोबरीचं ठरतं. आणि त्या साक्षीदाराची उलटतपासणी घेता येत नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण घ्यायचं तर मला १९०८ चा लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला घ्यावा लागतो. टिळकांचं शेवटचं वाक्य आपल्याला शाळेपासून माहीत असतं. मुंबई उच्च न्यायालयात ते संगमरवरावर कोरून लावलेलंही आहे. पण त्या वाक्याआधीच्या आठवड्यात कोर्टात काय काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही.

३० एप्रिल १९०८ ला बिहारमध्ये मुझफ्फरपूरला बाँब फुटला आणि दोन इंग्रज स्त्रिया मेल्या. त्यावर ‘केसरी’त लेख आले. त्यातल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या दोन लेखांवर खटला भरला गेला. २४ जूनला टिळकांना अटक झाली आणि १३ जुलैला न्यायमूर्ती दावर यांच्यापुढं सुनावणी सुरू झाली. गंमत म्हणजे १८९७ च्या पहिल्या राजद्रोह खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील हेच दावर होते.

सरकारनं ‘खास ज्युरी’ मागितली. आरोपीकडून तिला विरोध झाला, पण ती मिळाली. नऊ माणसांत सात युरोपियन आणि दोन पारशी. म्हणजे ज्या लेखांसाठी माणसाला काळ्या पाण्याची शिक्षा होऊ शकत होती, ते ज्या भाषेत लिहिले होते त्या भाषेतले वाचक ज्युरीत नव्हतेच. त्यांच्यापुढं आलं ते सरकारी भाषांतर. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली ती शब्दाशब्दावर, कारण मराठीतल्या एखाद्या शब्दाला इंग्रजीत जरा जहाल प्रतिशब्द दिला की मतभेदाचा राजद्रोह व्हायला वेळ लागत नाही. कोल्हापुरात ‘काय रं मर्दा’ आपुलकीनं म्हणतात. त्याचं शब्दशः इंग्रजी करून एखाद्या लंडनच्या साहेबाला ऐकवा आणि विचारा, हा माणूस प्रेमानं बोलतोय की भांडतोय.

आणि मग ते पोस्टकार्ड. टिळकांच्या घराच्या झडतीत एक कार्ड सापडलं. त्यावर स्फोटक द्रव्यांविषयीच्या दोन पुस्तकांची नावं लिहिलेली होती. पुस्तकं नव्हेत, नुसती नावं. सरकार पक्षानं हे कार्ड पुराव्यात दाखल केलं. टिळकांचं स्पष्टीकरण सरळ होतं. सरकारनं नुकताच, ८ जूनला, स्फोटक पदार्थांविषयीचा नवा कायदा केला होता. त्यातल्या व्याख्येवर टीका लिहायची म्हणून संदर्भग्रंथांची नावं उतरवून ठेवली होती. संपादक दुसरं काय करणार?

आता बघा. आरोप होता लेखांमधून सरकारविषयी अप्रीती पसरवल्याचा. बाँब केल्याचा आरोप नव्हताच. मग त्या कार्डाचा उपयोग काय? बाँबच्या बातमीनं हादरलेल्या, बायकामुलांसह परमुलखात राहणाऱ्या सात युरोपियन माणसांच्या हातून ते फिरलं, की त्यांच्या मनात ‘केसरी’चा अग्रलेख आणि मुझफ्फरपूरचा धूर एकत्र व्हायचा, एवढाच. न्यायाधीशानं पुढं कितीही समजावलं, तरी डोळ्यांनी पाहिलेलं पाहिलं नाही असं करता येत नाही. धनुष्यातून बाण सुटल्यावर धनुर्धाऱ्याला रागावून काय उपयोग?

टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. पाच-सहा दिवस मिळून एकवीस तासांहून जास्त ते बोलले. इंग्लंडमध्ये छापखान्याचं स्वातंत्र्य ज्युरींनी कसं राखलं, याचे इंग्रजी कायद्यातलेच दाखले त्यांनी इंग्रज माणसांपुढं ठेवले. पण एक कायदेशीर पेच होता. आरोपीनं आपल्या बाजूनं पुरावा दिला, तर उत्तराचं भाषण करण्याचा हक्क सरकार पक्षाला मिळेल, असं त्या वेळचं कलम होतं. टिळकांनी इतर वर्तमानपत्रांतले उतारे दाखल केले होते. बाँबविषयी इंग्रजी पत्रं काय लिहीत होती आणि आपण काय लिहिलं, हे दाखवल्याशिवाय त्यांचा बचाव उभाच राहत नव्हता. ते उतारे दाखल करण्याची किंमत म्हणजे त्यांनी शेवटचा शब्द गमावला.

२२ जुलैला टिळकांचं भाषण संपलं आणि अॅडव्होकेट जनरल ब्रॅन्सन उत्तराला उठले. त्यांच्यानंतर न्यायाधीशांचा समारोप. रात्री आठच्या सुमारास ज्युरी विचाराला आत गेली आणि तास-सव्वा तासात बाहेर आली. सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळं पाणी. एकवीस तासांचं उत्तर एका संध्याकाळच्या भाषणाखाली झाकून गेलं.

ज्युरी तशी होती, न्यायाधीश तसे होते, मग वकिलाच्या भाषणानं काय फरक पडला, असं कुणी विचारेल. बरोबर आहे. १८९७ मध्येही युरोपियन सहा एका बाजूला आणि हिंदी तिघे दुसऱ्या बाजूला अशीच फूट पडली होती. पण मला दिसतं ते असं, की ज्युरी आधीच कललेली असते तेव्हाच सरकारी वकिलाच्या जबाबदारीची खरी परीक्षा असते. उतारावरच्या गाडीला ढकलायला ताकद लागत नाही.

आपल्या कोल्हापूरचा या सगळ्याशी संबंध त्याच्याही आधीचा आहे. छत्रपती चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं लिहिलं. कारभारी माधवराव बर्वे यांच्या नावची म्हणून जी पत्रं पुराव्याला होती ती बनावट निघाली आणि १८८२ साली टिळक व आगरकरांना बदनामीबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. तो खटला खाजगी फिर्यादीवरचा, म्हणून त्याच्यात जास्त शिरत नाही. पण खोटा कागद किती लांब जातो हे त्यातून दिसतं.

मग सरकारी वकिलानं जोरात बोलूच नये का? जरूर बोलावं. इथं मला खासबागेचं मैदान आठवतं. तिथं कुणी धोबीपछाड मारली तर प्रेक्षक फेटे उडवतात. पण अंगठा डोळ्यात घातला, तर तेच प्रेक्षक उठून उभे राहतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९३५ साली बर्जर नावाच्या माणसाच्या खटल्यात जवळजवळ हेच सांगितलं. खोट्या नोटांचं प्रकरण होतं. सरकारी वकिलानं साक्षीदारांच्या तोंडी त्यांनी न बोललेली वाक्यं घातली, पुराव्यात नसलेल्या गोष्टी आपल्याला माहीत असल्यासारखा तो बोलला. न्यायमूर्ती सदरलंड यांनी निकालात लिहिलं त्याचा आशय असा, की सरकारी वकिलानं कडक प्रहार करावेत, पण नियमाबाहेरचे प्रहार करण्याची त्याला मुभा नाही. सरकारचं हित खटला जिंकण्यात नसून न्याय होण्यात आहे. शिक्षा रद्द झाली आणि नव्यानं खटला चालवण्याचा आदेश निघाला.

अमेरिकेत आजही ज्युरी आहे, त्यामुळं असल्या तक्रारींचा तिथं डोंगर आहे. कॅलिफोर्नियातल्या एका खुनाच्या खटल्यात आरोपी साक्षीच्या पिंजऱ्यात आला नाही. सरकारी वकील ज्युरीला म्हणाला, ती बाई मेली, ती सांगू शकत नाही, आणि याला सगळं माहीत आहे, पण हा सांगत नाही. ऐकायला किती बिनतोड वाटतं! पण गप्प राहणं हा आरोपीचा हक्क असेल, तर त्या गप्प राहण्यालाच पुरावा कसं करता येईल? १९६५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. ग्रिफिन खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे.

दर वेळी असं होतं असंही नाही. फ्लोरिडातल्या डार्डन खटल्यात सरकारी वकिलानं आरोपीला जनावर म्हटलं, आणखीही बरंच भयंकर बोलला. १९८६ साली न्यायालयानं त्या भाषणाला नावं ठेवली, पण एवढ्यानं खटला अन्याय्य झाला नाही, असं म्हणून फाशी कायम ठेवली. १९८८ मध्ये ती दिली गेली. मला हा निकाल कधीच पटलेला नाही. भाषण अयोग्य होतं, पण त्यानं फरक पडला नाही, हे कुणी मोजलं? आणि कोणत्या तराजूनं? फरक पडत नसता तर वकील ते बोललाच कशाला असता?

आपल्याकडं १९५५ मध्ये असेसर गेले, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच राहिली नाही. आता न्यायाधीश एकटे ऐकतात आणि शिक्षा द्यायची तर का, हे लेखी लिहितात. हा फरक फार मोठा आहे. ज्युरी कारणं देत नव्हती, त्यामुळं कुठल्या वाक्यानं तिचं मन फिरलं हे कुणालाच कळत नसे. आता निकालाचं पान उघडून बोट ठेवता येतं.

आणखीही काही गोष्टी कायद्यानं नीट करून ठेवल्या आहेत. आरोपीनं स्वतः साक्ष दिली नाही, तर त्यावर सरकारी वकिलानं काय, न्यायाधीशानंही टीका करायची नाही. आरोपी मुळातच वाईट चालीचा आहे, हा पुरावा त्यानं स्वतः आपल्या चांगुलपणाचा विषय काढल्याशिवाय आणायचा नाही. आणि जुन्या टिळक खटल्याच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे, सत्र खटल्यात आधी सरकारी वकिलानं समारोप करायचा आणि उत्तर आरोपीच्या बाजूनं द्यायचं. आरोपीनं पुरावा आणला तरीही. त्यानंतर सरकारी वकिलाला बोलायचं असेल तर फक्त कायद्याच्या मुद्द्यावर, न्यायाधीशांच्या परवानगीनं. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, तिच्यातही हा क्रम तसाच आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी अजूनही शेवटचा शब्द सरकारचा असतो. आपल्याकडं तो आरोपीचा आहे.

सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली शिवकुमार विरुद्ध हुकूमचंद या निकालात तर स्वच्छच सांगितलं, की काहीही करून आरोपीला शिक्षा व्हावी अशी तहान सरकारी वकिलाला असू नये. आरोपीच्या फायद्याची गोष्ट त्याला दिसली आणि आरोपीच्या वकिलाच्या नजरेतून ती सुटली, तर ती कोर्टापुढं आणणं हेसुद्धा त्याचंच काम. फिर्यादीनं नेमलेल्या खाजगी वकिलाला सत्र खटला स्वतः चालवू द्यायचा नाही, त्यानं सरकारी वकिलाच्या सूचनेनुसार वागायचं, हा नियम त्याचसाठी. बदल्याची इच्छा फिर्यादीला असणारच. ती माणसाची आहे, तिला कोण दोष देणार? पण सरकारला ती नसावी.

कोर्टातली ज्युरी अशी गेली, पण कोर्टाबाहेर दुसरी ज्युरी बसली आहे, आणि तिच्यात आपण सगळे आहोत. संध्याकाळी टीव्हीपुढं बसलेले, आता मोबाईलवर बोट फिरवणारे. तिला पुरावा कायदा लागू नाही, तिच्यापुढं उलटतपासणी होत नाही.

या ज्युरीपुढचं सगळ्यात गाजलेलं भाषण एका बिर्याणीचं आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातला जिवंत सापडलेला आरोपी कसाब याच्यावरचा खटला आर्थर रोड तुरुंगात चालला. विशेष सरकारी वकील होते उज्ज्वल निकम. कसाबनं तुरुंगात मटण बिर्याणी मागितल्याची बातमी तेव्हा देशभर झाली. सरकार अतिरेक्यांना बिर्याणी चारतं, हे वाक्य राजकीय सभांमध्ये वर्षानुवर्षं वाजत राहिलं. मार्च २०१५ मध्ये जयपूरच्या एका परिषदेत निकम यांनीच सांगितलं, की तसं काही घडलं नव्हतं. राखीच्या दिवशी कसाबच्या डोळ्यांत पाणी आलं, वाहिन्यांवर त्याच्याविषयी सहानुभूतीची चर्चा सुरू झाली, ती मोडायला आपण ही गोष्ट रचली.

निकम हे मोठे वकील आहेत, आणि आपल्याला त्यांची ओळख कोल्हापूरच्या बालहत्याकांडाच्या खटल्यापासून आहे. म्हणूनच हा प्रसंग मला खटकतो. कसाबविरुद्ध काय कमी होतं? छायाचित्रं होती, जखमी साक्षीदार होते. ६ मे २०१० ला फाशी सुनावली गेली आणि ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली, ती पुराव्यावर. त्या बिर्याणीची कुणालाच गरज नव्हती. आणि एवढ्या भरभक्कम खटल्यात ती सांगावीशी वाटली, तर पुरावा जेमतेम असलेल्या, कुणी नाव न ऐकलेल्या खटल्यात काय काय सांगावंसं वाटेल?

बालहत्याकांडाचा उल्लेख केलाच आहे म्हणून सांगतो. २००१ साली कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं त्या दोघी बहिणींना फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली आणि जानेवारी २०२२ मध्ये, दयेच्या अर्जावर सरकारनं अवाजवी उशीर लावला म्हणून, उच्च न्यायालयानं तिची जन्मठेप केली. त्या प्रकरणातली लहान मुलं आठवली की आजही पोटात कालवतं. त्या वेळी कोल्हापुरातले नऊ नागरिक ज्युरी म्हणून बसवले असते, तर सरकारी वकिलाला काही बोलण्याची गरज तरी पडली असती का? पुरावा तपासायला न्यायाधीश होते, वर दोन न्यायालयं होती, हे बरं झालं.

आता कुठं मोठा गुन्हा घडला की दुसऱ्या दिवशी मोर्चा निघतो आणि निवेदनात एक मागणी ठरलेली असते, ‘अमुकच सरकारी वकील नेमा.’ मी स्वतः अशा निवेदनावर सही करायला नकार दिला तेव्हा लोक रागावले. त्यांना हवा होता फाशी मिळवून देणारा वकील. १९८८ साली मुकुल दलाल यांच्या प्रकरणात, जे महाराष्ट्रातल्याच नियमावरून गेलं होतं, सर्वोच्च न्यायालयानं बजावलं होतं, की कुणी मागितला म्हणून विशेष सरकारी वकील सरसकट देऊ नये, आधी कारण तपासावं. निवेदन लिहिणाऱ्यांना हे माहीत नसतं, आणि घेणारे सांगत नाहीत.

माझ्या उमेदवारीच्या काळात एक सरकारी वकील होते. आवाज बेताचा, कोटाची बाही झिजलेली. खुनाच्या एका खटल्यात पोलिसांनी आणलेला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार त्या रात्री गावातच नव्हता, असं त्यांना खटला चालू असताना कळलं. समारोपात ते न्यायाधीशांना म्हणाले, ‘या साक्षीवर मी विसंबत नाही, बाकीच्या पुराव्याचा विचार व्हावा.’ मयताचा भाऊ मागं बसला होता. बाहेर व्हरांड्यात त्यानं त्यांचा रस्ता अडवला आणि किती पैसे खाल्ले म्हणून विचारलं. ते काही बोलले नाहीत. बाकीच्या पुराव्यावर शिक्षा झाली, आणि ती अपिलातही टिकली. तो साक्षीदार रेटला असता तर कदाचित टिकली नसती, हे त्या भावाला कुणी समजावून सांगितलं की नाही, कोण जाणे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या शिक्षांची अपिलं आता सीपीआर रुग्णालयासमोरच्या त्या जुन्या इमारतीत ऐकली जातात, आणि कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात खटले चालतात. थोडे अपवाद सोडले तर दोन्हीकडची दारं सर्वांना उघडी असतात. कधी सवड काढून एखाद्या खुनाच्या खटल्यातला शेवटचा युक्तिवाद ऐकायला जा. मोबाईल बंद ठेवा, मागच्या बाकावर बसा, आणि सरकारी वकील साक्षीदारांनी सांगितलेलं बोलतोय की स्वतःच्या पदरचं, तेवढं ऐका. त्यानंतर आरोपीचा वकील उठेल. त्याचंही संपेपर्यंत थांबा.